डोळ्यापासून मेंदूपर्यंत: दृष्टीच्या चेतापेशी पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी

शाळेत डोळा शिकताना भिंग, दृष्टिपटल आणि त्यावर पडलेली उलटी प्रतिमा इथवर आलं की धडा संपतो. मग ती प्रतिमा सुलटी कोण करतं, हा प्रश्न मनात तसाच राहून जातो. उत्तर असं आहे, की कोणीच करत नाही. मेंदूत पडदा नाही आणि तो बघत बसलेलं कोणी नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जातात त्या बातम्या: ‘इथे शेजारपेक्षा उजेड जास्त आहे’, ‘इथे आत्ता काहीतरी बदललं’, ‘इथे काहीतरी डावीकडे सरकलं’. सस्तन प्राण्यांची दृष्टी म्हणजे या बातम्या गोळा करण्याची आणि एकमेकींशी ताडून बघण्याची व्यवस्था. एवढं धरून ठेवलंत, तर पुढच्या अवघड नावांची भीती बरीचशी जाईल.

सोबत काही कोरे कागद, दोन रंगांच्या पेन्सिली, एक टाचणी, जाड कागदाचा तुकडा आणि आरसा ठेवा. कोणतीही पेशी समोर आली की वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची: हिला खबर कोण देतं? ही कशाने चेतते? आणि ही पुढे कोणाला सांगते? नावं पाठ करण्याआधी ही उत्तरं लिहा. मी आधी नुसती नावं घोकली होती, आणि त्यात बरेच दिवस वाया गेले.

पायरी १: स्वतःच्या डोळ्यातलं भोक शोधा

कागदावर डावीकडे एक फुली काढा. तिच्या उजवीकडे, साधारण ८ सेंटिमीटरवर, वाटाण्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका आणि उजव्या डोळ्याने फुलीकडे टक लावून बघा. कागद डोळ्यापासून ३० सेंटिमीटरच्या आसपास धरा आणि सावकाश पुढे-मागे करा. एका अंतरावर ठिपका नाहीसा होईल. नजर ठिपक्याकडे वळली की प्रयोग फसतो, तेव्हा फुली सोडू नका.

दृष्टिपटलावरचे सगळे चेतातंतू जिथे एकत्र येऊन डोळ्याबाहेर पडतात, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. हाच अंधबिंदू. एदम मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात तो शोधला.

आता त्याच ठिपक्यातून जाणारी एक लांब आडवी रेघ ओढा आणि प्रयोग पुन्हा करा. ठिपका गेला तरी रेघ अखंड दिसते. जिथून एकही बातमी आलेली नाही, तिथेही मेंदूने आजूबाजूच्या बातम्यांवरून जागा भरून काढली. दृष्टी हा कॅमेरा असता तर तिथे काळं भोक दिसलं असतं.

पायरी २: दृष्टिपटलाचे थर कागदावर उतरवा

टाचणीने जाड कागदाला बारीक भोक पाडा. ते भोक एका डोळ्याच्या अगदी जवळ धरून उजळ पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे बघा (सूर्याच्या दिशेने कधीही नाही). आता कागद भराभर, अगदी थोडासा, गोल फिरवा. काही क्षणांत झाडाच्या फांद्यांसारखं नाजूक जाळं दिसू लागेल, आणि बरोबर मध्यभागी जाळं नसलेली एक छोटी मोकळी जागा. कागद थांबवला की जाळं विरून जातं.

या तुमच्या स्वतःच्या दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या आहेत. त्या जन्मापासून तिथेच आहेत, पण एरवी जागच्या जागी पडतात आणि न बदलणाऱ्या गोष्टीची दखल पेशी हळूहळू सोडून देतात. भोक हललं की सावली सरकते, आणि सरकलेल्या सावलीची लगेच बातमी होते. माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर घरगुती प्रयोग हाच. जमला नाही तर पुन्हा करा, पण सोडू नका.

रक्तवाहिन्यांची सावली पडते याचा अर्थ त्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढे आहेत. फक्त रक्तवाहिन्याच नाहीत, तर दृष्टिपटलातल्या बाकीच्या चेतापेशीही पुढेच आहेत. प्रकाश त्या सगळ्या पारदर्शक थरांतून आरपार जातो आणि सर्वांत मागच्या थरात टिपला जातो. तिथून बातमी उलट दिशेने, पुढे येते. हे थर कागदावर काढा: सर्वांत मागे दंडपेशी (अंधुक उजेडासाठी) आणि शंकुपेशी (भरपूर उजेड आणि रंगांसाठी), मधे बायपोलर पेशी, सर्वांत पुढे गँग्लिऑन पेशी. ही झाली उभी वाट. तिला आडव्या छेदणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी काढा: मागच्या बाजूला हॉरिझाँटल आणि पुढच्या बाजूला अमॅक्राइन. सान्तियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली बघून काढलेली याच पेशींची चित्रं आजही शिकवताना वापरली जातात.

माणसाच्या एका डोळ्यात सुमारे ९ कोटी दंडपेशी आणि सुमारे ४५ लाख शंकुपेशी असतात. जुन्या पुस्तकांत दंडपेशींचा आकडा १२ कोटी सापडतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या नीट मोजणीत तो कमी भरला. आता पुढचा आकडा बघा: डोळ्याबाहेर पडणारे चेतातंतू साधारण १० लाख. म्हणजे वाटेतच भरपूर काहीतरी गाळलं जातं. काय गाळलं जातं, हे चौथ्या पायरीवर.

आणि ती मधली मोकळी जागा? तिथेच तुमच्या नजरेचा केंद्रबिंदू आहे. तिथे पुढचे थर बाजूला सरकलेले असतात, शंकुपेशी दाटीने बसलेल्या असतात आणि मधोमध दंडपेशी नसतातच. म्हणून रात्री अंधुक तारा थेट बघितला की हरवतो आणि नजर थोडी बाजूला केली की दिसतो.

पायरी ३: अंधारात कोण बोलतं, ते पक्कं करा

इथे नवशिके हमखास अडखळतात. आपल्याला वाटतं, प्रकाश पडला की पेशी चेतते आणि अंधारात ती गप्प असते. प्रकाश टिपणाऱ्या पेशींत नेमकं उलटं आहे. अंधारात त्यांच्या पेशीपटलातल्या वाहिन्या (विद्युतभार आत सोडणारी सूक्ष्म दारं) उघड्या असतात, आत विद्युतभार वाहत असतो आणि त्या ग्लुटामेट हे रसायन पुढच्या पेशीवर सतत सोडत असतात. प्रकाशकण आदळला की आतल्या रंगद्रव्यातला जीवनसत्त्व अ पासून बनलेला रेणू वाकलेला असतो तो सरळ होतो. त्यातून रासायनिक साखळी सुरू होते, वाहिन्या उघड्या ठेवणारं रसायन कमी होतं, वाहिन्या मिटतात आणि ग्लुटामेट घटतं. प्रकाशाची पहिली बातमी म्हणजे बोलणं कमी होणं.

ही साखळी इतकी जोरकस आहे, की एक दंडपेशी एकाच प्रकाशकणालाही प्रतिसाद देऊ शकते.

पुढे बायपोलर पेशींपाशी वाटेचे दोन फाटे होतात. काही बायपोलर पेशींना ग्लुटामेट म्हणजे ‘चेत’ असा इशारा, तर काहींना तोच ग्लुटामेट ‘थांब’ असा इशारा. रसायन एकच, ते ओळखणारे ग्राहक रेणू वेगळे. त्यामुळे उजेड वाढला की पहिल्या गटाची चेतना उतरते आणि दुसऱ्याची चढते. पहिला गट ऑफ वाटेचा, दुसरा ऑन वाटेचा. वहीत दोन्ही वेगळ्या रंगांनी रंगवा. हे रंग शेवटपर्यंत लागतील.

पायरी ४: आठ घरांचं गणित करा

ही पायरी घाईत उरकू नका. कागदावर एका ओळीत आठ घरं आखा. प्रत्येक घर म्हणजे एक पेशी, आणि घरातला आकडा म्हणजे तिच्यावर पडलेला प्रकाश:

१०, १०, १०, १०, ५०, ५०, ५०, ५०

डावीकडे अंधुक, उजवीकडे उजळ आणि मधे एक कड. आता प्रत्येक घराच्या आकड्यातून त्याच्या दोन शेजाऱ्यांची सरासरी वजा करा. टोकाची दोन घरं सोडून द्या. दुसऱ्या घरात १० वजा १०, म्हणजे शून्य. तिसऱ्यातही शून्य. चौथ्या घराचे शेजारी १० आणि ५०, त्यांची सरासरी ३०, म्हणून १० वजा ३०: उत्तर उणे २०. पाचव्या घरात ५० वजा ३०: अधिक २०. सहाव्यात आणि सातव्यात पुन्हा शून्य.

सपाट अंधार आणि सपाट उजेड, दोन्हींचं उत्तर शून्य आलं. उरली ती फक्त कड. दृष्टिपटलात हे वजाबाकीचं काम मुख्यतः हॉरिझाँटल पेशी करतात, आणि अमॅक्राइन पेशी त्यात भर घालतात. खऱ्या पेशींत वजाबाकी इतकी काटेकोर नसते. सपाट भागाचीही थोडी खबर उरते. पण नऊ कोटींच्या वर पेशींचं म्हणणं दहा लाख तंतूंत कसं बसतं, याचा मोठा भाग या आठ घरांत आहे.

आता एक अडचण बघा. गँग्लिऑन पेशी मेंदूकडे खबर पाठवते ती छोट्या विद्युतठोक्यांनी. सेकंदाला जितके ठोके जास्त, तितकी बातमी जोरकस. मग उणे २० कसं पाठवायचं? उणे ठोके असू शकत नाहीत. इथे मागच्या पायरीतले दोन फाटे कामाला येतात. अधिक २० ही बातमी ऑन गँग्लिऑन पेशी ठोके वाढवून देते आणि उणे २० ही बातमी ऑफ गँग्लिऑन पेशी ठोके वाढवून देते. दोन प्रकार कशाला हवेत, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. आकडे मांडले आणि लख्ख कळलं.

स्टीफन कफलर यांनी १९५३ साली मांजराच्या गँग्लिऑन पेशींत हेच प्रत्यक्ष दाखवलं. प्रत्येक पेशी दृश्याचा एक छोटा गोल तुकडा सांभाळते. तुकड्याच्या मध्यावर प्रकाश टाकला तर ठोके वाढतात, भोवतीच्या कड्यावर टाकला तर घटतात. ऑफ पेशींत याच्या उलट. पेशी ज्या तुकड्याला प्रतिसाद देते त्याला तिचं ग्रहणक्षेत्र म्हणतात. पुढचं सगळं या एका शब्दावर उभं आहे.

पायरी ५: गँग्लिऑन पेशी एकाच जातीच्या नाहीत, हे ध्यानात ठेवा

इथे थोडक्यात आटोपतो. उंदराच्या दृष्टिपटलात गँग्लिऑन पेशींचे चाळीसहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. काही बारीक तपशील सांगतात, काही फक्त झटपट बदल. काहींना एकाच दिशेची हालचाल चेतवते. बार्लो आणि लेविक यांनी १९६५ साली सशात अशा पेशींचा सविस्तर अभ्यास मांडला. दिशा ओळखणं हे मेंदूचं काम असं आपण गृहीत धरतो, पण सशात ते डोळ्यातच उरकलेलं असतं.

एक प्रकार तर स्वतःच प्रकाश टिपतो. त्यात मेलॅनॉप्सिन हे वेगळं रंगद्रव्य असतं. या पेशी चित्र घडवण्यापेक्षा बाहुली लहान-मोठी करण्याचं आणि शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवण्याचं काम करतात. म्हणूनच दंडपेशी आणि शंकुपेशी निकामी झालेल्या काही अंध व्यक्तींचंही झोपेचं चक्र उजेडाबरोबर चालतं.

पायरी ६: दोन रंगांत वाट काढा

दोन डोळे आणि मागे मेंदूचे दोन अर्धगोल काढा. ‘डावा डोळा उजव्या मेंदूला जोडलेला असतो’ हे वाक्य अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. माणसाच्या बाबतीत ते चूक आहे. माणसात मेंदूची वाटणी डोळ्यांनुसार होत नाही, दृश्याच्या बाजूंनुसार होते. समोरच्या दृश्याचा डावा अर्धा भाग, मग तो कोणत्याही डोळ्याने बघितलेला असो, उजव्या अर्धगोलाकडे जातो.

त्यासाठी प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडच्या निम्म्या दृष्टिपटलातून निघालेले तंतू वाटेत बाजू बदलतात, आणि कानाकडच्या निम्म्यातले त्याच बाजूला राहतात. बाजू बदलण्याच्या या फुलीला दृक्-चौक म्हणू. दृश्याची डावी बाजू एका रंगाने, उजवी दुसऱ्या रंगाने काढत नेली, तर चौकाच्या मागे प्रत्येक बाजूला एकच रंग उरला पाहिजे. दोन उरले तर कोणते तंतू बाजू बदलतात ते पुन्हा तपासा. एकच उरला पण तो चुकीच्या बाजूला आला, तर भिंगाने प्रतिमा उलटवली आहे हे तुम्ही विसरलात.

चित्र बरोबर आलं की तुम्ही वैद्यकातलं एक कोडं सोडवू शकता. चौकाच्या आधी इजा झाली तर एका डोळ्याची दृष्टी जाते. चौकाच्या मागे झाली तर दोन्ही डोळ्यांनी दृश्याची एकच बाजू दिसेनाशी होते. आणि चौकावरच खालून दाब आला, जसा पीयूषिका ग्रंथीच्या गाठीने येतो, तर दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू जातात. माणूस समोरचं नीट बघतो, पण दारांच्या चौकटींना दोन्हीकडून धडकत राहतो. बोटाने चौकाची मधली फुली झाका आणि कोणते तंतू तुटले ते मोजा.

उंदरात मात्र जवळजवळ सगळेच तंतू बाजू बदलतात, कारण त्याचे डोळे दोन बाजूंना आहेत.

पायरी ७: थॅलॅमसमधला थांबा

बहुतेक तंतू थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागातल्या एलजीएन (लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लियस) या केंद्रापाशी थांबतात. माणसात त्याचे सहा थर असतात. दोन थर मोठ्या पेशींचे, हालचालीला तत्पर, आणि चार छोट्या पेशींचे, तपशील आणि तांबडा-हिरवा फरक सांभाळणारे. दोन डोळ्यांच्या बातम्या इथेही वेगळ्याच थरांत राहतात. याला नुसता टपाल पुढे पाठवणारा थांबा समजू नका. इथल्या पेशींवरच्या जोडांपैकी सुमारे दहा टक्के किंवा त्याहूनही कमी दृष्टिपटलाकडून आलेले असतात. बाह्यकाकडून, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराकडून, परत येणारे जोड त्याहून कितीतरी जास्त.

पायरी ८: मेंदूच्या मागच्या भागात कडांना दिशा मिळते

एलजीएनकडून बातमी डोक्याच्या मागच्या बाजूला, प्राथमिक दृष्टिबाह्यकात जाते. त्याला व्ही१ म्हणतात. १९५८ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, कफलर यांच्याच प्रयोगशाळेत, डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल मांजराच्या या भागातल्या पेशींचे ठोके ऐकत होते. काचेच्या पट्टीवरचा काळा ठिपका पडद्यावर दाखवून पेशी काही केल्या चेतत नव्हती. पट्टी सरकवताना मात्र ती अचानक तडतडू लागली. ठिपक्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पट्टीच्या कडेची बारीक सावली पडद्यावरून एका विशिष्ट कोनात सरकली होती, आणि पेशी त्या कोनाची होती. दोघांना १९८१ साली नोबेल मिळालं.

गोल ग्रहणक्षेत्रांतून तिरपी रेघ ओळखणारी पेशी कशी घडते? कागदावर एका तिरप्या ओळीत, एकमेकांना खेटून, पाच गोल काढा. प्रत्येक गोल म्हणजे एलजीएनची एक ऑन पेशी. आता कल्पना करा, की ही पाचही पेशी व्ही१ मधल्या एकाच पेशीला खबर देतात आणि ती पाचही जणी एकदम बोलल्या तरच जोरात चेतते. पेन्सिल म्हणजे उजेडाची रेघ समजा आणि ती त्या तिरप्या ओळीवर ठेवा: पाचही गोल झाकले गेले. पेन्सिल आडवी फिरवा: एखाद-दुसराच. ह्यूबेल आणि वीझल यांनी १९६२ साली मांडलेली कल्पना साधारण हीच.

व्ही१ मध्ये दृश्याचा नकाशा असतो, पण तो मापात नसतो. नजरेच्या केंद्रापासून दहा अंशांच्या आतलं जेवढं दृश्य, त्यालाच माणसाच्या व्ही१ ची निम्म्याहून अधिक जागा मिळते.

याच दोघांच्या कामातली आणखी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. मांजरीच्या पिलाचा एक डोळा जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत झाकून ठेवला आणि नंतर उघडला, तर डोळा धडधाकट असूनही व्ही१ मधल्या बहुतेक पेशी त्याला प्रतिसाद देईनाशा होतात. त्यांची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतलेली असते. मोठ्या मांजरात तेवढाच काळ डोळा झाकला तर असं काही होत नाही. माणसाच्या मुलांतही असा काळ असतो. तिरळेपणा, जन्मजात मोतीबिंदू किंवा दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल तर एक डोळा आळशी पडतो, आणि म्हणून डॉक्टर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून दुबळ्याला कामाला लावतात. लहान मुलाचा डोळा वळतोय असं वाटलं तर ‘मोठेपणी आपोआप जाईल’ म्हणून वाट बघू नका. लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

पायरी ९: पुढच्या वाटा

व्ही१ च्या पुढे डझनावारी क्षेत्रं आहेत. सुरुवातीला दोन मोठे प्रवाह लक्षात ठेवले तरी चालतं: खालचा, कानशिलाकडे जाणारा, वस्तू आणि चेहरे ओळखण्याचा, वरचा, माथ्याकडे जाणारा, जागा, हालचाल आणि हाताला वाट दाखवण्याचा. हालचालीचं क्षेत्र दोन्ही बाजूंना निकामी झालेल्या एका स्त्रीची नोंद १९८३ साली प्रसिद्ध झाली. तिला रंग दिसत, वस्तू ओळखता येत, पण कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी दिसे आणि कप कधी भरला ते कळत नसे.

आणि वाचताना एक पथ्य पाळा: कोणतंही विधान दिसलं की शेजारी प्राण्याचं नाव लिहा. मांजर आणि माकडाच्या व्ही१ मध्ये एकाच कोनाच्या पेशी शेजारी-शेजारी रचलेल्या असतात, उंदरात त्या बऱ्याचशा सरमिसळ असतात. उंदराच्या दृष्टिपटलात आपल्यासारखा केंद्रबिंदूही नसतो. २०२५ साली उंदराच्या दृष्टिबाह्यकाच्या सुमारे एक घन मिलिमीटर तुकड्याचा जोडणीसकट नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात ५२ कोटींहून अधिक जोड मोजले गेले. तो बघताना हा फरक मनात असू द्या.

शेवटचा प्रयोग आरशाचा. आरशात आपल्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्याकडे, पुन्हा डाव्याकडे. डोळे हलताना दिसणार नाहीत, पण शेजारी उभ्या माणसाला ते स्पष्ट हलताना दिसतील. नजर उडी मारते तेवढा वेळ मेंदू बातम्यांचा जोर कमी करतो. आता हेच मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात करा. स्वतःचे डोळे हललेले दिसतील, कारण पडद्यावरचं चित्र किंचित उशिरा येतं, आणि तोवर तुमची नजर स्थिरावलेली असते.